दोन हेक्टर मिळाले, पुढे काय? सुमात्रातल्या वसाहतीच्या गावांची गोष्ट

इंडोनेशियातल्या जावा बेटावरून बोटीने सुमात्रा बेटावर आणलेल्या कुटुंबाला सरकार काय देत असे, ते आधी पाहू. फळ्यांच्या भिंतींचं आणि पत्र्याच्या छपराचं, साधारण सहा बाय सहा मीटरचं एक घर. घराभोवती पाव हेक्टर परस. गावालगत एक हेक्टर शेत. त्याहून लांब, बहुतेक वेळा अजून झाडोरा न तोडलेलं, पाऊण हेक्टर दुसरं शेत. कुदळ, कोयता, थोडं बियाणं. आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत, म्हणजे वर्षभर, तांदूळ, मीठ, तेल, सुकी मासळी असा शिधा. जमीन एकूण दोन हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने पाच एकर.

जावात ज्याच्या वाट्याला दहा-वीस गुंठे होते, किंवा तेही नव्हते, त्याच्यासाठी पाच एकर म्हणजे केवढी गोष्ट! दोन पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला स्वतःचा बांध मिळत होता.

आज त्याच वसाहतींमध्ये पाहिलं तर एकाच बोटीने आलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाचं पक्कं घर उभं असतं, दारात पिकअप असते, मुलगी शहरात शिकत असते. दुसऱ्याचा मुलगा पहिल्याच्या शेतावर रोजाने जातो. लोक म्हणतात, एकाने कष्ट केले, दुसऱ्याने नाही. मला हे अजिबात पटत नाही. कष्ट दोघांनी सारखेच उपसले. फरक पडला तो माती कशी निघाली, पामतेलाचा कारखाना किती लांब होता, आणि सगळ्यात जास्त म्हणजे हातात कुठला कागद होता, यामुळे. कागदाची ही भानगड दिसते तितकी अवघड नाही, पण ती तुकड्यातुकड्याने सांगितली तर डोक्यात बसत नाही. म्हणून जरा मुळापासून सांगावी लागेल.

माणसं हलवली कशासाठी

इंडोनेशियाच्या एकूण जमिनीपैकी जावा बेटाचा वाटा जेमतेम सात टक्के. 2020च्या जनगणनेनुसार देशातली 56 टक्के माणसं तिथेच राहतात. जावाची माती ज्वालामुखीच्या राखेची, काळी, सुपीक. म्हणून माणसं दाटली, आणि दाटली म्हणून शेतं चिंधीएवढी झाली. माणसं उचलून मोकळ्या बेटांवर न्यायची ही कल्पना डचांची. 1905 साली मध्य जावाच्या केडू भागातली 155 कुटुंबं त्यांनी सुमात्राच्या दक्षिण टोकाला, लाम्पुंगमधल्या गेडोंग तातान इथे वसवली. त्या लोकांनी नव्या गावाला आपल्या मागे सोडलेल्या मुलखाचं नाव दिलं, बागेलेन. ते गाव आजही आहे.

स्वातंत्र्यानंतर 1950पासून सरकारने हेच काम 'त्रान्समिग्रासी' या नावाने चालवलं. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात त्याला खरा वेग आला. जागतिक बँकेची कर्जं आली आणि 1979 ते 1984 या पाच वर्षांत पाच लाख कुटुंबं हलवायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. सगळेच आपण होऊन निघाले नव्हते. मध्य जावात वोनोगिरी जिल्ह्यात गाजाह मुंकूर धरण बांधायला घेतलं, तेव्हा 1976पासून सुमारे 65,000 लोक उठवले गेले. त्यातले पुष्कळ जण पश्चिम सुमात्रातल्या सितियुंगला गेले. गावंच्या गावं सरपंचासकट गेली. जावानीज भाषेत याला 'बेडोल देसा' म्हणतात, म्हणजे मुळासकट उपटलेलं गाव.

सुमात्रात पोचल्यावर भेटली ती माती वेगळी होती. लालसर पिवळी, आंबट, पावसाने धुऊन धुऊन निःसत्त्व झालेली. वर जंगल उभं असेपर्यंत ती हिरवीगार दिसते, कारण सगळं सत्त्व झाडांत आणि पालापाचोळ्यात असतं. जंगल तोडून जाळलं की पहिल्या एक-दोन वर्षी राखेवर पीक बरं येतं. मग उतरत जातं आणि आलांग-आलांग नावाचं उंच, चिवट गवत शेत व्यापतं. चुना टाकल्याशिवाय मका-सोयाबीन धड येत नाही. रात्री रानडुकरं कसावा उकरून जातात. शिधा संपला तेव्हा अनेकांनी घराला कुलूप घातलं आणि जावाची वाट धरली. काही जणांनी परतीच्या भाड्यासाठी ते दोन हेक्टर शेजाऱ्याला मिळेल त्या किमतीत देऊन टाकले. आजच्या काही मोठ्या जमिनींची सुरुवात तिथे आहे.

पाणी जिथे पोचलं तिथली कथा वेगळी. लाम्पुंगमधलं मेत्रो, दक्षिण सुमात्रातलं बेलितांग इथे कालवे झाले, भाताची दोन पिकं निघू लागली आणि ही गावं त्या भागाची भाताची कोठारं झाली. दुसऱ्या टोकाला बोर्निओ बेटावरचा मध्य कालिमांतान प्रांत. 1995 साली तिथल्या दलदलीच्या जमिनीवर दहा लाख हेक्टर भातशेती करायची ठरली. हजारो किलोमीटर चर खणले. दलदलीतलं पाणी उतरलं, कुजलेल्या झाडापाल्याची वाळलेली माती 1997च्या दुष्काळात पेटली, चरांतलं पाणी आंबट झालं, आणि भात आला नाही. तिथे नेऊन वसवलेल्या कुटुंबांनी यात काय चूक केली होती?

पाम आलं आणि कर्जही आलं

1986 साली योजनेला एक नवं रूप दिलं गेलं. मधोमध कंपनीचा पामचा मळा आणि त्याच्या फळांतून तेल काढायचा कारखाना, त्याला 'इन्ती' म्हणजे गाभा म्हणायचं. भोवती शेतकऱ्यांचे तुकडे, ते 'प्लास्मा'. प्रत्येक कुटुंबाला पामची लागवड केलेले दोन हेक्टर आणि घर-परसासाठी अर्धा हेक्टर. दोन हेक्टरच्या या तुकड्याला 'कापलिंग' म्हणतात आणि पामच्या मुलखात जमिनीचं माप तेच. सोयरीक जुळवतानाही विचारतात, किती कापलिंग आहेत?

लागवडीचा खर्च मात्र फुकट नव्हता. तो कुटुंबाच्या नावावर बँकेचं कर्ज म्हणून चढायचा. पामच्या फळांचे घड विकल्यावर येणाऱ्या पैशातून साधारण 30 टक्के परस्पर कापले जायचे. कर्ज फिटेपर्यंत जमिनीचा मालकीचा दाखला बँकेच्या तिजोरीत. कर्ज फिटलं की एक छोटा समारंभ व्हायचा आणि हिरव्या मुखपृष्ठाचं, गरुडाची मुद्रा असलेलं ते पुस्तक शेतकऱ्याच्या हातात यायचं. पुष्कळ घरांमध्ये ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवतात.

पामच्या शेतातला एक दिवस जवळून पाहिला तर पैसा कुठे गळतो ते कळतं. झाड लहान असेपर्यंत दांड्याला लावलेल्या पटाशीसारख्या हत्याराने घडाचा देठ तोडतात, त्याला दोदोस म्हणतात. झाड उंच झालं की एग्रेक, म्हणजे लांब दांडा आणि टोकाला कोयती, आपल्याकडची आंबे काढायची आकडीच म्हणा ना. पंधरा-वीस किलोचा काटेरी घड धप्पकन खाली येतो. सुटी फळं चहूकडे विखुरतात. ती वाकून गोळा करायचं काम बायकांचं. सुट्या फळांत तेल जास्त, पण हे काम पुष्कळदा नवऱ्याच्या मजुरीत धरलेलं असतं, वेगळं मोजत नाहीत. तोडणी दर दहा ते चौदा दिवसांनी. तोडलेला घड चोवीस तासांच्या आत कारखान्यात जायला हवा, नाहीतर तेलातलं आम्ल वाढतं आणि भाव पडतो.

चोवीस तासांच्या त्या अटीत शेतकऱ्याची सगळी अडचण साठलेली आहे. भात कोठारात ठेवता येतं, पामचा घड ठेवता येत नाही. पावसाने रस्ता चिखलात गेला की टेम्पो येत नाही, आणि आला तरी भाव तोच सांगतो. ज्याचा तुकडा सहकारी संस्थेमार्फत कारखान्याशी बांधलेला आहे त्याला झाडाच्या वयानुसार प्रांताने ठरवलेला भाव मिळतो. ज्याने स्वतः झाडं लावली आहेत त्याला 'तोके'कडे, म्हणजे गावच्या व्यापाऱ्याकडे जावं लागतं. काट्यावर ओलाव्याचे, कच्च्या घडांचे म्हणून काही टक्के कापले जातात आणि मुलाच्या फीसाठी तोकेकडूनच आधी उचल घेतलेली असते, म्हणून हा शेतकरी हुज्जत घालत नाही.

आता एक ढोबळ हिशेब मांडू. समजा दोन हेक्टरमधून महिन्याला तीन टन घड निघाले आणि किलोला 2,500 रुपिया भाव मिळाला. झाले 75 लाख रुपिया. एका भारतीय रुपयाला साधारण 190 रुपिया धरले तर चाळीस हजार रुपयांच्या आसपास. यातून खत, तोडणी, वाहतूक वजा करायची. भाव चांगला असेल तर घर नीट चालतं, मुलं शिकतात. पण भाव त्याच्या हातात नाही. 28 एप्रिल 2022 रोजी इंडोनेशियाने देशात खाद्यतेल महागलं म्हणून पामतेलाची निर्यातच बंद केली. 23 मेला ती पुन्हा सुरू झाली, पण तोवर कारखान्यांच्या टाक्या भरून गेल्या होत्या. त्या जून-जुलैत अनेक ठिकाणी घडाचा भाव किलोला हजार रुपियांच्याही खाली गेला. खतं त्या वर्षी दुप्पट महाग होती.

आपलाही यात हात आहे. भारत हा जगातला सगळ्यात मोठा पामतेल आयात करणारा देश. बिस्किटं, फरसाण, वनस्पती तूप, हॉटेलातलं तळण यांत जे तेल जातं त्यातलं बरंचसं इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सप्टेंबर 2024मध्ये भारताने कच्च्या पामतेलावरची मूळ आयातकर आकारणी शून्यावरून 20 टक्के केली, मे 2025मध्ये ती 10 टक्क्यांवर आणली. आपल्या तेलबिया शेतकऱ्यासाठी पहिला निर्णय योग्य असेलही. पण दिल्लीतल्या अशा कागदाचा धक्का सुमात्रातल्या जांबी प्रांतातल्या काट्यावर बसतो, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं.

मालकी म्हणजे नेमकी कशाची

इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा 1960 सालचा. त्यातले तीन हक्क समजले तरी पुष्कळ झालं. 'हाक मिलिक' म्हणजे पूर्ण मालकी. पिढ्यान् पिढ्या चालते, विकता येते, गहाण टाकता येते, आणि ती फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. 'हाक गुना उसाहा' म्हणजे सरकारी जमिनीवर मोठी शेती करायचा, ठरावीक वर्षांचा हक्क. हा सहसा कंपन्यांकडे असतो, 35 वर्षांपर्यंत आणि पुढे मुदतवाढीने. 'हाक पाकाई' म्हणजे वापरण्याचा हक्क. तिथे नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या लोकांनीही पुढचं लक्षात ठेवावं. परदेशी माणसाला शेतजमिनीची मालकी मिळत नाही. ओळखीच्या स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागे आपला गुप्त करार ठेवायचा, ही वाट दलाल दाखवतात. कायद्याच्या 26व्या कलमानुसार असा व्यवहार रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. पैसे परत मागायची सोयही राहत नाही. इंडोनेशियन नागरिकाशी लग्न केलेल्यांनी मालमत्तेच्या विभागणीचा करार केलेला असावा. तो लग्नानंतरही करता येतो, हे तिथल्या घटना न्यायालयाने 2016 साली मान्य केलं.

हक्क असणं आणि हक्काचा कागद असणं या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याकडे खेडोपाडी सातबारा तरी असतो. इंडोनेशियात 2016च्या अखेरीस अंदाजे 12 कोटी 60 लाख तुकड्यांपैकी सुमारे 4 कोटी 60 लाखच नोंदलेले होते. 2017पासून सरकारने गावच्या गाव एका दमात मोजून दाखले द्यायची मोठी मोहीम काढली आणि तिने खरंच चित्र पालटलं. त्याआधी, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी, लोकांकडे असतो तो 'गिरिक', म्हणजे जुन्या शेतसाऱ्याच्या नोंदीचा कागद, किंवा गावच्या मुख्याने लिहून दिलेला ताब्याचा दाखला. हे मालकीचे पुरावे नव्हेत, कर भरल्याचे किंवा कसत असल्याचे पुरावे. 2021च्या शासकीय नियमाने असे जुने कागद पाच वर्षांत नोंदवून घ्यायला सांगितलं. ती मुदत 2 फेब्रुवारी 2026ची. त्यानंतर गिरिकला पुरावा म्हणून किंमत नाही, तो फक्त जागा ओळखायला मदत करणारा कागद.

खरेदी-विक्रीची सरळ रीत अशी: जमीन कार्यालयात दाखला खरा आहे का ते तपासायचं, मग नेमलेल्या दस्तलेखक अधिकाऱ्यासमोर खरेदीखत करायचं. विकणाऱ्याने किमतीच्या अडीच टक्के कर भरायचा. घेणाऱ्यावरचा कर पाच टक्क्यांपर्यंत, त्यातली ठरावीक रक्कम माफ. शेवटी नाव फिरवून घ्यायचं. गावात मात्र बहुतेक व्यवहार 'बावाह तांगान' होतात, म्हणजे शब्दशः हाताखालून. एक पावती, तिच्यावर 10,000 रुपियांचा मुद्रांक चिकटवलेला, त्याच्यावर अर्धी सही, दोन साक्षीदार, मुख्याचा शिक्का. वसाहतीची जमीन ठरावीक वर्षं विकायला कायद्याने बंदी असते, त्या काळात तर दुसरा मार्गच नसतो. मग होतं असं की जमीन तिसऱ्याच्या ताब्यात, पावती दुसऱ्याच्या खिशात आणि हिरवं पुस्तक अजून पहिल्याच्या नावावर. आणि पहिला तीस वर्षांपूर्वी जावाला परत गेलेला, कदाचित वारलेला. त्याची मुलं कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या सह्यांशिवाय नाव फिरत नाही.

गहाणाचंही तसंच. अडीनडीला शेत 'गादाई' ठेवतात. आपल्याकडे ज्याला कब्जेगहाण म्हणत तेच, पैसे फिटेपर्यंत सावकार शेत खातो. 1960च्याच एका कायद्यात फार मोलाची तरतूद आहे: असं गहाण सात वर्षं किंवा जास्त चाललं असेल तर शेत काहीही न देता मालकाला परत मिळायला हवं. सात वर्षांच्या पिकात मुद्दल वसूल झालं असं कायदाच मानतो. ही तरतूद किती गरिबांना माहीत असेल, हा विचार मनातून जात नाही.

आता सगळ्यात कठीण भाग. देशाच्या जमिनीचा 60 टक्क्यांहून जास्त भाग नकाशावर 'वनक्षेत्र' आहे. तिथे झाड असो वा नसो. या रेषा 1980च्या दशकात ढोबळ नकाशांवर, टेबलावर बसून आखल्या गेल्या. त्यांच्या आत हजारो गावं आली. गंमत नाही सांगत, सरकारनेच वसवलेल्या काही वसाहतीही आल्या. वनक्षेत्रातल्या जमिनीवर जमीन कार्यालय दाखला देऊ शकत नाही, मग तुमची तिसरी पिढी तिथे नांदत असली तरी. रियाऊ प्रांतातल्या तेस्सो निलोचं उदाहरण ताजं आहे. हत्तींसाठी राखलेलं हे राष्ट्रीय उद्यान, सुमारे 81,000 हेक्टर. त्यात वर्षानुवर्षं बाहेरून आलेली कुटुंबं पाम लावून राहिली. त्यांनी जमीन चोरली नव्हती, कोणाकडून तरी पैसे देऊन घेतली होती, शिक्क्याची पावती होती. जून 2025मध्ये सरकारी पथकाने ताबा घेतला आणि त्यांना निघून जायला सांगितलं. हत्तींचा हक्क मला मान्य आहे, त्यांना जायला दुसरी जागाच नाही. पण पावतीवर शिक्का मारणारा सुटतो आणि विकत घेणारा उठवला जातो, हे मान्य होत नाही.

आधीपासून तिथे राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. मलय, दायाक, मिनांगकाबाऊ, पापुआतले लोक यांच्या जमिनी कुळाच्या, समाईक. कागद नाही, पण कुठला ओढा कुणाचा, कुठलं फळझाड कुणाच्या आजोबांनी लावलं, हे सगळ्यांना पाठ. सरकारने ती रिकामी समजून वाटली. 1960चा कायदा या समाईक हक्काला मानतो, पण 'तो अजून अस्तित्वात असेल आणि राष्ट्रहिताच्या आड येत नसेल तर' असं म्हणून. 2013 साली घटना न्यायालयाने पारंपरिक समाजांचं जंगल हे सरकारी जंगल नव्हे असा निकाल दिला. तो कागदावर मोठा, जमिनीवर फार हळू उतरतोय. कंपनीला जमीन देताना या लोकांना वाटतं की आपण काही वर्षांसाठी भाड्याने दिली. पण कंपनीला मिळतो तो सरकारी जमिनीवरचा हक्क, आणि मुदत संपली की जमीन सरकारकडे जाते, त्यांच्याकडे परत येत नाही. हे त्यांना सही करताना कोणी सांगितलेलं नसतं. नव्या आलेल्यांवरचा राग यातूनच साठतो. जावाहून आलेल्या कुटुंबाचा यात दोष नव्हता, पण भांडण त्याच्याच बांधावर येऊन उभं राहिलं. म्हणूनच 2024मध्ये वसाहतींसाठी पुन्हा स्वतंत्र मंत्रालय झालं तेव्हा पापुआत विरोध उसळला.

मुलांच्या वाट्याला काय

गावातलं जगणं म्हणून पाहिलं तर या वसाहती माणसाला धरून ठेवतात. नवं घर बांधायचं तर शेजारी आपली हत्यारं घेऊन येतात, घरधन्याने जेवण घालायचं. आपली इर्जिकच ती, जावानीज लोक तिला 'सांबातान' म्हणतात. बायकांची भिशी असते, 'आरिसान'. दर महिन्याला एकीच्या घरी, आणि ज्या महिन्यात आपला नंबर लागेल त्या महिन्यात नवी शेगडी किंवा मुलाची शाळेची फी निघते. 2014च्या ग्रामकायद्यानंतर 2015पासून गावांना केंद्राकडून थेट निधी येऊ लागला. चिखलाचे रस्ते खडीचे झाले, नाल्यांवर मोऱ्या आल्या. पामच्या शेतकऱ्यासाठी मोरी म्हणजे भाव.

पण दोन हेक्टर दोनच राहतात. जावानीज घरात मुलींनाही वाटा असतो. कुठे सारखा, कुठे 'सेपिकुल सेगेंडोंगान' या जुन्या रीतीने मुलाला दोन आणि मुलीला एक. चार मुलं असली की प्रत्येकाला अर्धा हेक्टर, आणि आजोबा ज्या चिंधीएवढ्या तुकड्यांपासून पळून आले होते तिथेच नातू येऊन पोचतो. 2023च्या कृषिगणनेत अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेली शेतकरी कुटुंबं दीड कोटीहून जास्त निघाली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा वाढलेली. 1960च्या कायद्यांनी दर कुटुंबाला किमान दोन हेक्टर असावेत असं ध्येय लिहून ठेवलं होतं. पहिल्या पिढीला एकदा जमीन मिळाली, दुसऱ्या पिढीसाठी कोणतीच योजना नव्हती. म्हणून एक भाऊ शेतावर राहतो, दुसरा बाटाम बेटावरच्या कारखान्यात, बहीण तैवानला किंवा मलेशियाला घरकामाला. तिने पाठवलेल्या पैशातून भाऊ शेजाऱ्याचा तुकडा घेतो. या जमिनी टिकल्या आहेत त्या पुष्कळ वेळा अशा परदेशात राबणाऱ्या मुलींच्या पगारावर, आणि दाखल्यावर नाव मात्र कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचं.

आता या सगळ्याची परीक्षा सुरू झाली आहे. पामचं झाड साधारण 25 वर्षं नीट फळतं. 1980-90च्या दशकातली लागवड म्हातारी झाली. ती पाडून नवी लावायची तर पहिले घड यायला तीन वर्षं, तोवर उत्पन्न शून्य. यासाठी सरकारने 2017पासून पुनर्लागवडीचं अनुदान सुरू केलं. सुरुवातीला हेक्टरी अडीच कोटी रुपिया होतं, 2024मध्ये ते सहा कोटी रुपिया झालं, म्हणजे आपले तीन लाखांच्या थोडे वर. दर शेतकऱ्याला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. हा पैसा येतो पामतेलाच्या निर्यातीवरच्या आकारणीतून, म्हणजे आपण घेतलेल्या तेलामागचा थोडा वाटाही त्यात आहे. योजना चांगली आहे, मनापासून सांगावंसं वाटतं. पण अर्जाला जोडायला जमिनीचा वैध कागद लागतो, आणि जमीन वनक्षेत्रात नसल्याचा दाखला.

म्हणून अशा गावात कुणाचं पुढे काय होणार हे पाहायचं असेल तर घर किती मोठं, पिकअप आहे का, हे पाहू नका. मुलगी द्यायची असो, जमीन घ्यायची असो की नुसतं समजून घ्यायचं असो, विचारा की पुस्तक कुणाच्या नावावर आहे. मूळ मालकाचे वारस सापडतात का? वनखात्याच्या नकाशावर हा तुकडा रेषेच्या आत की बाहेर? कारखान्याचा रस्ता पावसाळ्यात चालतो का? पामची झाडं किती वर्षांची? शेवटी, आधी ही जमीन कुणाची होती आणि ते लोक समाधानी आहेत का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जमीन कार्यालयात मिळत नाही. त्यासाठी शेजारच्या जुन्या गावात जाऊन चहा प्यावा लागतो.

जावानीज लोकांची एक म्हण आहे: कुणी आपल्या कपाळाला बोट लावलं किंवा आपली बोटभर जमीन घेतली, तर माणूस जीव पणाला लावतो. आता त्यांच्याच बांधावरची दोन शेतं शेजारी शेजारी आहेत अशी कल्पना करा. एकात जुनी खोडं आडवी केली आहेत, ओळीने नवी रोपं लागली आहेत, मधल्या पट्ट्यात मका उभा आहे, कारण तीन वर्षं काहीतरी खायला हवं. दुसऱ्यात तीस-बत्तीस वर्षांची झाडं चार माणसांपेक्षा उंच गेली आहेत. एग्रेकचा दांडा पोचत नाही म्हणून त्याला दुसरा बांबू दोरीने बांधला आहे. मालक मान मागे टाकून, डोळ्यांत पडणारा कचरा चुकवत, हलणाऱ्या टोकाची कोयती देठावर बसवायचा प्रयत्न करतो. दोन घड तोडतो आणि मान चोळत खाली बसतो. त्याची जमीन रेषेच्या आत आहे.